मोबाईल चालवतो, म्हणजे दिसत असणार!

लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात हे वाक्य हटकून ऐकू येतं. एखादा तरुण पांढरी काठी दुमडून मांडीवर ठेवतो आणि मोबाईलवर बोट फिरवू लागतो. समोरचे काका शेजाऱ्याच्या कानात, पण सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा बेताने, म्हणतात, "नाटकं आहेत सगळी. व्हॉट्सॲप बघतोय बघा!" मग त्याने दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट कसं काढलं असेल यावर चर्चा रंगते. फोनचा पडदा पूर्ण काळा आहे, याकडे मात्र कुणाचंच लक्ष जात नाही.

तर पुन्हा एकदा, सावकाश. अंधांसाठी वेगळा फोन लागत नाही. आयफोनमध्ये २००९ पासून पडदा वाचून दाखवणारं व्हॉइसओव्हर आहे, बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतं, आणि दोन्ही फुकट. सेटिंगमध्ये जाऊन ते चालू केलं की फोन वापरायची रीतच बदलते. बोट ज्या चिन्हावर जाईल त्याचं नाव फोन उच्चारतो, पण ते उघडत नाही. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, डावीकडे सरकवलं की मागची. हवं ते सापडलं की पडद्यावर कुठेही दोनदा टकटक करायची. सरावलेली माणसं हा आवाज इतक्या वेगात ऐकतात की नवख्याला एक शब्द कळणार नाही. इअरफोन बरेच जण एकाच कानात घालतात, कारण दुसरा कान स्टेशनच्या अनाउन्समेंटसाठी मोकळा लागतो. आणि पडदा काळा ठेवण्याची सोयही त्यातच आहे. ओटीपी, पगाराचा मेसेज, बायकोशी चाललेलं भांडण शेजाऱ्याने का वाचावं? काका वाचायलाच तर टपलेले असतात.

बरं, समजा त्याला थोडं दिसतं. तरी नाटक कसं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली अंधत्वाची व्याख्या उघडून पाहा. अजिबात न दिसणं हा तिच्यातला एक प्रकार झाला. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल, म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसणारी गोष्ट पाहायला तीन मीटरपर्यंत जाऊनही जमत नसेल, तरी ते अंधत्वच. दृष्टीचं क्षेत्र दहा अंशांहून कमी असेल तरीही. अशा माणसाला समोरच्या पडद्यावरची ओळ वाचता येऊ शकते आणि त्याच वेळी पायाशी ठेवलेली बॅग दिसत नाही. म्हणून तो मोबाईल वाचतो आणि काठीही वापरतो. व्हीलचेअरवरून उठून दोन पावलं टाकणाऱ्यांनाही हेच ऐकावं लागतं. दोन पावलं जमतात म्हणून दादर स्टेशनचा पूल चढता येतो, असं कुणी सांगितलं?

यामागे आपली एक ठाम समजूत असते: दिव्यांग माणूस पूर्ण असहाय दिसला तरच खरा. साधन वापरून तो आपलं आपण काम करू लागला की लगेच संशय. मग साधन द्यायचं तरी कशाला?

अशा आणखीही समजुती आहेत. "हे सगळं श्रीमंतांचं काम." नाही. कॉम्प्युटरचा पडदा वाचणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर मायकेल करन या अंध तरुणाने ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू केलं. ते आजही मोफत मिळतं आणि मराठीही वाचतं.

"फोन बोलतो, आता ब्रेल कशाला?" ऱ्हस्व-दीर्घ ऐकून कळत नाही, बोटाखाली कळतं.

"अंधांना चेकबुक देता येत नाही." येतं. अंध व्यक्ती करार करायला कायद्याने सक्षम आहेत, त्यांना चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेने ४ जून २००८ च्या परिपत्रकात बजावलं आहे. तरी काउंटरवर "घरच्या कुणाला तरी घेऊन या" हेच उत्तर मिळतं.

उलट टोकाचाही एक गैरसमज आहे: फोन बोलू लागला, आता यांना काही अडचण नाही. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगणाऱ्या ॲपपुढे काय करायचं? ॲसिडहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तींचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. आपल्याकडची रोजची अडचण याहून साधी आहे. सोसायटीची नोटीस कागदाचा फोटो काढून ग्रुपवर टाकली जाते. शाळेचं पत्रक कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप होतं. त्यात 'मराठी' हा शब्द डोळ्यांना मराठीच दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरं असतात, आणि बिचारा फोन इमानाने वाचतो: ई, जे, के, बी, एच. युनिकोडमध्ये टाईप केलं तर तोच फोन 'मराठी' म्हणतो, आणि युनिकोड आज प्रत्येक मोबाईलच्या कीबोर्डमध्ये आहे. काकांच्यासुद्धा.