कुबोटा ट्रॅक्टर आणि नाशिकची द्राक्षबाग

निफाड, दिंडोरी व चांदवड या तालुक्यांतील द्राक्षबागांतून ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जो कोणी फिरला असेल, त्यास नारिंगी रंगाचा एक ठेंगणा ट्रॅक्टर वेलींच्या दोन ओळींमधून औषधाचें धुकें उडवीत जातांना खचित दिसला असेल. हा जपानांतील कुबोटा कंपनीचा ट्रॅक्टर होय. आमच्याकडे सभासदांचीं जीं पत्रें येतात, त्यांत या यंत्राविषयीं पृच्छा वारंवार आढळते : हें यंत्र मूळ कोणाचें, तें कितपत टिकतें, आणि तीन-चार एकरांच्या धन्यानें त्यासाठीं कर्ज काढावें कीं काढूं नये? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. परंतु त्याचें उत्तर पहिल्या दोहोंवर अवलंबून असल्यामुळें आरंभ तेथूनच करणें बरें.

या कंपनीचा इतिहास ट्रॅक्टरापासून मुळींच सुरू होत नाहीं. १८७० सालीं जपानच्या एका लहान बेटावर जन्मलेल्या गोन्शिरो ओदे नांवाच्या मुलानें ओसाका शहरीं जाऊन ओतकाम शिकून घेतलें, आणि १८९० मध्यें, वयाचीं वीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, स्वतःची भट्टी घातली. त्या काळीं जपानांत पटकीच्या सांथी येत. नळानें शुद्ध पाणी आणणें हाच त्यावर उपाय, हें तेथील लोकांस पटलें होतें; परंतु नळ मात्र परदेशांतून आणावे लागत. गोन्शिरोनें १८९३ पासून बिडाचे नळ ओतण्याच्या खटपटीस हात घातला व त्यांत यश मिळविलें. पुढें १८९७ सालीं कुबोटा आडनांवाच्या एका गिऱ्हाइकानें त्यास दत्तक घेतलें. आज आपल्या बांधावर उभ्या असलेल्या यंत्रावर जें नांव आहे, तें या दत्तक घराण्याचें.

मध्यंतरी याच गृहस्थानें मोटारींच्या धंद्यांतही उडी घेतली होती, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. गोरहॅम नांवाच्या अमेरिकन इंजिनियरानें रचलेली तीन चाकांची गाडी बनविण्यासाठीं त्यानें १९१९ मध्यें ओसाकास निराळी कंपनी काढली. ती कंपनी १९२६ मध्यें दुसऱ्या एका मोटार-कारखान्यांत विलीन झाली, आणि त्याच वंशांतून पुढें डॅटसन व निस्सान हीं नांवें निघालीं. कुबोटानें मोटारींचा नाद सोडला व इंजिनें धरलीं. १९२२ सालीं शेतीस व लहान धंद्यांस उपयोगी पडणारें रॉकेलचें इंजिन, १९४७ सालीं हातानें धरून चालविण्याचा टिलर आणि १९६० सालीं कोरडवाहू शेतांत चालणारा टी-१५ हा जपानी बनावटीचा पहिला ट्रॅक्टर, असा त्याचा क्रम आहे. गोन्शिरो १९५९ मध्यें वारला. ट्रॅक्टर पाहण्याचें भाग्य त्यास लाभलें नाहीं.

आतां आमच्या वाचकांनीं जेथें लक्ष द्यावें अशी गोष्ट सांगतों. अमेरिकेंत व युरोपांत ट्रॅक्टर वाढला तो मोठ्या शेताच्या मापानें. जपानांत १९४६ नंतर सरकारनें जमीनदारांकडून जमिनी घेऊन त्या कुळांस दिल्या, आणि सरासरी खातें अडीच एकरांच्या आसपास येऊन ठेपलें. त्यापुढील वीस वर्षांत तरुण माणसें कारखान्यांकडे गेलीं, आणि शेतावर आजोबा, आजी व आई एवढींच उरलीं. अशा शेतीला जपानी भाषेंत एक थट्टेचें नांवही पडलें होतें. तेव्हां तेथल्या कारखानदारांस अडीच एकरांत वळेल, भातखाचरांत रुतणार नाहीं व घरच्या बाईमाणसासही चालवितां येईल, असें यंत्र काढणें भाग पडलें. कुबोटा, यानमार, इसेकी, मित्सुबिशी या साऱ्यांचीं छोटीं यंत्रें या एकाच गरजेचीं अपत्यें होत.

आपल्याकडील स्थिति त्याहून फार निराळी आहे काय? १९४८ चा कूळकायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन आणि त्यानंतर घरोघर झालेल्या वांटण्या यांचा परिणाम आंकड्यांतच पाहावा. महाराष्ट्रांतील सरासरी खातें १९७०-७१ च्या कृषिगणनेंत ४.२८ हेक्टर होतें, तें २०१५-१६ मध्यें १.३४ हेक्टरांवर आलें. मजूरही पूर्वींसारखा हुकमी राहिला नाहीं. पेठ-सुरगाण्याकडून छाटणीस व थिनिंगास जीं माणसें येतात, त्यांची वाट आतां सर्वच तालुके पाहतात.

हिंदुस्थानांत जपानी शेतकी यंत्रें ट्रॅक्टरच्या रूपानें नव्हे, तर पॉवर टिलरच्या रूपानें आधीं रुळलीं. बंगळूरच्या व्ही. एस. टी. कंपनीनें १९६७ पासून मित्सुबिशीच्या सहकार्यानें टिलर काढले, आणि तिचाच ‘शक्ति’ हा साडेअठरा अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आपल्या बागाइतदारांच्या पूर्ण परिचयाचा आहे. केरळ सरकारच्या कामको या १९७३ सालीं निघालेल्या कारखान्यानें कुबोटाच्या तंत्रावर टिलर बनविले. स्वतः कुबोटानें येथें आपली कंपनी काढली ती २००८ च्या अखेरीस, मद्रासेस, म्हणजे आजच्या चेन्नईस. नंतर तिनें फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीशीं भागी केली. २०२२ मध्यें त्या कंपनीचें नांवच एस्कॉर्ट्स कुबोटा झालें, व २०२४ मध्यें चेन्नईची शाखा तींत विलीन झाली. आपल्या बागांतून विशेष दिसतात ते २१ अश्वशक्तीचा निओस्टार ए-२११ आणि २४ अश्वशक्तीचा बी-२४४१. दोहोंस तीन सिलिंडरांचें डिझेल इंजिन असून चारही चाकांस ओढ आहे.

ही चार चाकांची ओढ म्हणजे चैन नव्हे. द्राक्षाचें सारें भवितव्य पावसानंतरच्या एका सकाळीं ठरतें. नोव्हेंबर २००९ मध्यें फयान वादळाच्या वेळीं ज्यांनीं आपल्या बागा पाहिल्या, त्यांस हें सांगणें नलगे. पोंगा फुटून घड दिसूं लागलेले असावे, रात्रभर पाऊस व्हावा, आणि सकाळीं पानें ओलीं असतांनाच केवडा, ज्यास आपण डाऊनी म्हणतों, त्याचा शिरकाव व्हावा. औषध त्याच दिवशीं पडलें तर पीक. दोन दिवसांनीं पडलें तर केवळ खर्च. आणि नेमक्या त्याच वेळीं काळी जमीन अशी होते कीं मोठा, मागच्या दोनच चाकांवर चालणारा ट्रॅक्टर ओळींत शिरला तर तो काढण्यास दुसरा बोलवावा लागतो. हलकें वजन व चारही चाकांची ओढ यांमुळें हीं छोटीं यंत्रें अशा चिखलांतून निघतात, असा अनुभव आम्हांस भेटलेल्या बहुतेक मालकांनीं सांगितला. पिंपळगांवाकडील एका बागाइतदाराचे शब्द असे : “वर्षाचे तीनशें साठ दिवस हा ट्रॅक्टर मला महाग वाटतो, पांच दिवस फुकट वाटतो.”

वेळाचा हिशेब आम्हीं स्वतः करून पाहिला. ओळींतील अंतर नऊ फूट धरल्यास एकरांत ४,८४० फूट, म्हणजे सुमारें दीड किलोमीटर ओळ होते. ताशीं चार किलोमीटर वेगानें ही ओळ बावीस मिनिटांत संपते. टांकी भरणें, औषध कालविणें व वळणें यांसाठीं तेवढाच वेळ आणखी धरला, तरी तीन एकर सवादोन तासांत आटोपतात. एचटीपी पंपाची नळी ओढीत दोन माणसांनीं हेंच काम करावयाचें तर दिवस मावळतो, आणि तोंपर्यंत बुरशी थांबत नाहीं.

मालकांचीं गाऱ्हाणींही तितक्याच मोकळेपणानें सांगितलीं पाहिजेत. पहिलें, डिझेलचें. छोट्या जपानी इंजिनाचे फेरे मिनिटास अडीच हजारांच्या वर जातात. देशी मोठें इंजिन त्याहून सावकाश चालतें. ज्यास देशी इंजिनाचा संथ ठोका ऐकण्याची संवय आहे, तो या आवाजानें बिचकतो आणि फेरे कमी ठेवून ब्लोअर चालवितो. मग वारा कमी पडतो, औषध पानांच्या मागें पोंचत नाहीं, व दोष यंत्रास दिला जातो. दुसरें, ओझ्याचें. यानें क्रेटांनीं भरलेली ट्रॉली रस्त्यावरून बाजारांत न्यावी अशी अपेक्षा कोणी करूं नये. हलकें यंत्र भरल्या ट्रॉलीपुढें उतारावर आंवरत नाहीं, आणि अशा वेळीं जीवावर बेततें. तिसरें, सुट्या भागांचें. एका जपानी बनावटीच्या छोट्या ट्रॅक्टरचा एक सामान्य भाग ऐन हंगामांत अकरा दिवस मिळाला नाहीं, अशी हकीकत आम्हांस एका मालकानें सांगितली; नांव छापणें उचित नाहीं. तात्पर्य एवढेंच कीं, खरेदीपूर्वीं दुकानाची काच न पाहतां त्यामागील कोठार पाहावें, आणि विक्रेत्याचा मिस्त्री किती मैलांवर राहतो याची चौकशी करावी.

निगेविषयीं दोन शब्द. फवारणीचें धुकें व बागेंतील बारीक धूळ मिळून रेडिएटरच्या जाळीवर लेप बसतो. तो दिसत नाहीं, आणि इंजिन तापूं लागेपर्यंत कळतही नाहीं. ज्या मालकांनीं हंगामांत रोज संध्याकाळीं ती जाळी साफ ठेवली, त्यांचीं यंत्रें वर्षानुवर्षें तक्रारीवांचून चालत आहेत. पीटीओच्या दांड्यावरील आवरण काढून टाकण्याची जी खोड आपल्याकडे आहे ती तर केवळ घातक होय. फिरत्या दांड्यांत उपरण्याचें टोंक किंवा पदर सांपडला तर सोडविण्यास अवधि मिळत नाहीं. चालक धुक्याच्या पुढें बसतो खरा, पण वारा फिरला कीं तेंच धुकें त्याच्या तोंडावर येतें. मुखवटा व हातमोजे यांचा खर्च ट्रॅक्टरच्या किंमतीपुढें किती, याचा हिशेब धन्यानें करावा, कारण सीटवर बहुधा गडी बसलेला असतो.

राहिला कर्जाचा प्रश्न. पांच एकरांवर बाग असेल, तर स्वतःचा छोटा ट्रॅक्टर घेण्यास आमची हरकत नाहीं. दोन-तीन एकरांच्या धन्यास मात्र आम्ही सरसकट होकार देऊं शकत नाहीं. सप्टेंबर २०२५ मध्यें ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ही सवलत खरी; पण हप्ता द्राक्षाच्या भावाकडे पाहून थांबत नाहीं. अशांनीं भागीदारी करावी असा सल्ला पुष्कळ देतात, व आम्हीही तो देत आलों. मात्र चौघांच्या भागींतील यंत्र पावसानंतरच्या सकाळीं चौघांसही एकाच घटकेस हवें असतें, ही अडचण कोणी बोलून दाखवीत नाहीं. दिंडोरी तालुक्यांतील दोघा चुलतभावांनीं काढलेली तोड आम्हांस पसंत पडली. दोघांच्या मिळून पांच एकर बागेच्या छाटण्या ते आठ-आठ दिवसांच्या अंतरानें घेतात, त्यामुळें दोन्ही बागा एकदम नाजुक अवस्थेंत नसतात. ज्याच्या बागेंत घड फुलोऱ्यावर, त्याची पाळी आधीं, असें त्यांनीं कागदावर लिहून ठेवलें आहे. आणि जुना एचटीपी पंप विकलेला नाहीं. दोहोंहून अधिकांची भागी या यंत्रास सोसेल असें आम्हांस वाटत नाहीं.

ज्या सभासदांकडे कुबोटा किंवा दुसरा कोणताही छोटा ट्रॅक्टर पांच वर्षांहून अधिक काळ आहे, त्यांनीं मीटरवरील एकूण तास, ताशीं लागणारें डिझेल व दुरुस्तीचा वर्षवार खर्च आम्हांस लिहून पाठवावा. पुरेसे आंकडे जमल्यास छाटणीपूर्वीं ते कोष्टकरूपानें छापण्याची व्यवस्था करूं.