‘रिस्क’ या इंग्रजी क्रियापदाचे अध्यापन

वरच्या इयत्तांच्या इंग्रजी पाठात ‘रिस्क’ हे क्रियापद आले म्हणजे फळ्यावर ‘धोक्यात घालणे’ हा एकच अर्थ लिहून दिला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. विद्यार्थी तेवढाच पाठ करतो आणि पुढे ‘रिस्क्ड डेथ’ असे वाचल्यावर ‘मरण धोक्यात घातले’ असे भाषांतर करतो. हा दोष विद्यार्थ्याचा नव्हे.

या क्रियापदाचा अर्थ त्याच्या कर्मावरून ठरतो. उदाहरण जिल्ह्यातीलच घ्यावे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. १९३८ साली ते भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले व जपानशी चाललेल्या युद्धातील जखमींवर त्यांनी उपचार केले. त्यांच्याविषयी ‘कोटणीस रिस्क्ड हिज लाइफ’ असे म्हणता येते. म्हणजे त्यांनी जीव धोक्यात घातला. ‘कोटणीस रिस्क्ड डेथ’ असेही म्हणता येते. म्हणजे त्यांनी मृत्यूचा धोका पत्करला. कर्म जपण्याजोगे असेल तर ‘धोक्यात घालणे’ आणि टाळण्याजोगे असेल तर ‘धोका पत्करणे’, असे मराठीत दोन प्रयोग करावे लागतात. इंग्रजीत एकच क्रियापद पुरते.

कर्माच्या जागी एखादी कृती आल्यास ‘रिस्क्ड गोइंग’ असे रूप योजावे. ‘रिस्क्ड टु गो’ हे अशुद्ध होय.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. ‘रिस्क’ने हानीची शक्यता कळते, हानी झाली असे कळत नाही. डॉ. कोटणीस १९४२ साली चीनमध्येच आजाराने निवर्तले. परंतु ही गोष्ट वरील दोन्ही वाक्यांत येत नाही. त्यासाठी ‘कोटणीस डाइड इन चायना’ असे निराळे वाक्य लिहावे लागते.

‘एन्डेंजर’ या क्रियापदाचे कर्म मात्र जपण्याजोगेच असते व त्याचा कर्ता निर्जीवही चालतो. नान्नजच्या माळढोक पक्ष्याविषयी ‘लॉस ऑफ ग्रासलँड एन्डेंजर्स द बर्ड’ असे म्हणतात. गवताळ माळराने नाहीशी झाल्याने पक्षी धोक्यात येतो. येथे ‘रिस्क’ योजू नये.

वर्गात ‘लाइफ’, ‘डेथ’, ‘मनी’ व ‘डिफीट’ हे शब्द फळ्यावर लिहावेत. प्रत्येक शब्द जपण्याजोगा की टाळण्याजोगा, हे प्रथम विद्यार्थ्यांकडून वदवून घ्यावे व त्यानंतरच वाक्ये करवून घ्यावीत. असे केल्यास अर्थ पाठ करण्याची गरज उरत नाही. वाक्य वाचताच तो विद्यार्थ्यास आपोआप उमगतो.