पेटंट तपासणारा आणि पेटंट लिहिणारा

२०२३-२४ या एका वर्षात देशात एक लाख तीन हजार पेटंटे मंजूर झाली, तो मथळा सगळ्यांनी वाचला. पण ‘प्राध्यापकांना पेटंट’ म्हणून जी बातमी गावोगावी छापून येते, तीत पुष्कळदा काहीच मंजूर झालेले नसते. फॉर्म ९ भरून अडीच हजार रुपये जास्तीचे दिले, की महिनाभरात अर्ज प्रसिद्ध होतो. सत्कार होतो तो त्या प्रसिद्धीचा!

अर्ज आणि पेटंट यांतले अंतर पक्के ठाऊक असलेली माणसे म्हणजे पेटंट कार्यालयातले परीक्षक. पद विज्ञानातल्या पदव्युत्तर पदवीवर किंवा अभियांत्रिकीच्या पदवीवर मिळते, म्हणजे बडनेऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून निघालेल्या पोरालाही ती वाट मोकळी आहे. प्रशिक्षणाची संस्था तर गाडीने तीनेक तासांवर, नागपुरात. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईत अँटॉप हिलच्या कार्यालयात जातात. सेवेत असेपर्यंत परीक्षकाला वारसाहक्क किंवा मृत्युपत्राखेरीज कोणत्याही पेटंटमध्ये हितसंबंध ठेवता येत नाही. कलम ७५ तसे बजावते.

पुढची गंमत कलम १२६ मध्ये आहे. परीक्षक किंवा नियंत्रक म्हणून दहा वर्षे काम करून सेवा सोडलेल्या माणसाला परीक्षा न देता पेटंट एजंट होता येते. बाकीच्यांना शंभर-शंभर गुणांचे दोन पेपर आणि तोंडी परीक्षा चुकत नाही. एजंटला वकिलीची पदवी लागत नाही. कोर्टात उभे राहायचे तर मात्र सनद हवी.

कालचा साहेब आज पक्षकाराकडून आपल्याच जुन्या सहकाऱ्यांपुढे बसतो, हे काहींना खटकते. शंका रास्त आहे. तरीही हा रस्ता बंद होऊ नये. परीक्षकाचा आक्षेप लेखी असतो, अर्ज फेटाळला तर कारणे द्यावी लागतात आणि २०२१ पासून अपील थेट उच्च न्यायालयात जाते.

आणि त्या माणसाची गरज आपल्यालाच जास्त आहे. समजा, अकोल्याच्या एखाद्या कारागिराने दालमिलच्या एमरी रोलरमध्ये सुधारणा केली. दाव्यात त्याने नुसते ‘कमी चुरी पाडणारी दालमिल’ असे लिहिले, तर परीक्षक कृषी विद्यापीठाची ‘पीकेव्ही मिनी दालमिल’ पुढे ठेवून विचारणार, यात नवे काय? रोलर आणि जाळी यांतले अंतर कुठे किती, ते तूर फुटण्याआधी का बदलते, त्याने चुरी कशी घटते, हे नेमके मांडले तरच दावा उभा राहतो. दहा वर्षे असले ढिसाळ दावे खोडून काढलेल्या माणसालाच ते कसे बांधायचे हे कळते.

वऱ्हाडाने दाव्यातल्या शब्दांचे मोल कपाशीवर पाहिले आहे. बीटी वाणावरचा मोन्सॅन्टो आणि नुझिवीडू यांचा खटला याच प्रश्नावर अडला, की पेटंट जनुकाच्या रचनेचे की बियाण्याचे? कलम ३(जे) नुसार बियाण्याला पेटंट नाही. एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मोन्सॅन्टोचे पेटंट रद्द केले, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून प्रकरण परत पाठवले आणि २०२१ मध्ये दोघांनी समेट केला.

शैक्षणिक संस्थांचे शुल्क २०२१ पासून ऐंशी टक्क्यांनी उतरले आहे. ऑनलाइन अर्ज सोळाशे रुपयांत होतो. तेव्हा महाविद्यालयांनी सेवा सोडलेल्या परीक्षकाला आधी बोलवावे, दावे त्याच्याकडून तपासून घ्यावेत आणि फॉर्म १८ विसरू नये. तपासणीची ही मागणी ३१ महिन्यांत केली नाही, तर सत्कार झालेला अर्जही मागे घेतला असे कार्यालय धरते.