तंजावरचा हा बाप-लेक सिनेमा कुणी काढेल का?

परमुलखात दुरावलेले बाप-लेक पुन्हा भेटतात, असे सिनेमे मला भारी आवडतात. पण तंजावरची ही खरी गोष्ट अजून पडद्यावर पाहिली नाही!

1787 मध्ये तंजावरचे भोसले राजे तुळजाराजे यांनी मरणशय्येवर दत्तक मुलगा सरफोजी याला जर्मन पाद्री श्वार्ट्झ यांच्या हवाली केलं. गादी मात्र बळकावली तुळजाराजांचा सावत्र भाऊ अमरसिंग याने. पोराचे कोंडून हाल झाले. श्वार्ट्झ यांनी इंग्रजांकडे दाद मागितली आणि त्याला शिकायला मद्रासला हलवलं. ताटातूट झाली, पण जीव वाचला.

श्वार्ट्झ शेवटच्या आजारात असताना सरफोजी भेटायला आले. फेब्रुवारी 1798 मध्ये पाद्री गेले, जूनमध्ये सरफोजी गादीवर बसले. गंमत म्हणजे, पाद्र्याच्या हाताखाली वाढूनही राजा हिंदूच राहिला! त्यांनी या मानलेल्या वडिलांसाठी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. विषय तोच: अंथरुणावरचे श्वार्ट्झ आणि शेजारी तरुण सरफोजी. समाधीवरच्या इंग्रजी ओळीही सरफोजींच्याच मानतात.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातला याच भोसल्यांचा मराठी शिलालेख बघायला मराठी माणसं आवर्जून जातात. तिथून शिवगंगा तळ्याजवळचं श्वार्ट्झ चर्च चालत गाठता येतं. शिल्प तिथेच आहे.