शुक्रवार मुंबईचा, सोमवार वऱ्हाडाचा

१८ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘दृश्यम २’ लागला तेव्हा हिंदी चित्रपटाचा धंदा काळजीत होता. जूनमध्ये ‘सम्राट पृथ्वीराज’ आपटला होता, ऑगस्टमध्ये ‘लाल सिंग चढ्ढा’ आणि ‘रक्षाबंधन’. दिवाळीत आलेल्या ‘राम सेतू’ आणि ‘थँक गॉड’नेही फारसा उजेड पाडला नव्हता, आणि ‘थँक गॉड’मध्ये तर अजय देवगणच होता. त्यात आणखी एक अडचण होती. मोहनलालचा मूळ मल्याळम ‘दृश्यम २’ फेब्रुवारी २०२१ पासून ॲमेझॉन प्राइमवर घरबसल्या पाहायला मिळत होता. शेवटी काय होतं हे न कळण्यातच गुन्हेपटाचा जीव असतो. शेवट आधीच फुटलेला गुन्हेपट तिकीट काढून बघणार कोण, ही वितरकांची धास्ती खोटी नव्हती.

पहिल्या शुक्रवारी देशभरात निव्वळ १५.३८ कोटी रुपये जमले. शनिवारी २१.५९ कोटी, रविवारी २७.१७ कोटी. सोमवारी ११.८७ कोटी. मग १०.४८, ९.५५ आणि गुरुवारी ८.६२ कोटी. पहिल्या आठवड्याची बेरीज १०४.६६ कोटी, दुसऱ्या आठवड्यात ५८.८२ कोटी, आणि सगळा हिशेब मिटला तेव्हा आकडा २४० कोटींच्या घरात पोहोचला होता. २०१५ साली निशिकांत कामतने केलेला पहिला ‘दृश्यम’ चांगला चालला, त्याचं नाव झालं, पण तो शंभर कोटींच्या बराच अलीकडे थांबला होता.

या सगळ्या आकड्यांत वजनदार आकडा रविवारचा नाही, सोमवारचा आहे. रविवार कुणालाही मिळतो. मोठा नट असेल, गाणं गाजलेलं असेल, जाहिरातीवर पैसा ओतलेला असेल, तर पहिले तीन दिवस निघून जातात. सोमवारी दुकानं उघडतात, कचेऱ्या सुरू होतात, आणि तरीही जो थिएटरकडे वळतो तो कुणाच्या तरी तोंडून ऐकून वळलेला असतो. सोमवारचा गल्ला शुक्रवारच्या निम्म्यावर आला तर ‘पिक्चर बसला’ असं चित्रपटाच्या बाजारात म्हणतात. ‘दृश्यम २’चा सोमवार शुक्रवारच्या तीन चतुर्थांशांहून जास्त होता. दुसरा आठवडा पहिल्याच्या निम्म्याहून वर राहिला. गुन्हेपटाचं यश असंच मोजावं लागतं, कारण हा प्रकार फार क्वचित दणक्यात सुरू होतो. तो कानोकानी वाढतो.

ही वाढ मुंबईच्या मल्टिप्लेक्समध्ये दिसते त्याहून स्पष्ट अमरावती-अकोल्यासारख्या गावांत दिसते. त्यामागे एक जुनी व्यवस्था आहे, आणि तिचं एक मोठं ठाणं अमरावतीत होतं. ही गोष्ट वऱ्हाडाबाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते.

भारतात चित्रपट विकला जातो तो राज्यांच्या नकाशावर नव्हे. वितरणाचा नकाशा वेगळा आहे: मुंबई, दिल्ली-यूपी, ईस्ट पंजाब, निजाम, म्हैसूर, सीआय (सेंट्रल इंडिया), राजस्थान अशी त्यातली क्षेत्रं. विदर्भ ज्या क्षेत्रात येतो त्याचं नाव सीपी-बेरार. ज्याच्यावरून हे नाव पडलं तो ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ हा प्रांत १९५० मध्ये नावानिशी संपला. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पुढे २००० मध्ये छत्तीसगड वेगळं झालं. तरी वितरकाच्या करारात नागपूर, अमरावती, अकोला, जबलपूर, रायपूर हे एकाच सर्किटमध्ये राहिले. म्हणून अकोल्यात आणि रायपुरात लागणाऱ्या पिक्चरचा सौदा एकत्र होतो, आणि अकोला व पुणे एकाच राज्यात असूनही त्यांचे सौदे वेगळे होतात.

या सर्किटच्या वितरकांच्या कचेऱ्या दोन गावांत एकवटल्या: अमरावती आणि भुसावळ. वितरक आणि थिएटरवाल्यांची सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन ही संघटना भुसावळची. कारण रेल्वेचं होतं. सिनेमा तेव्हा पत्र्याच्या पेटीत बसून प्रवास करायचा. एका चित्रपटाची रिळं म्हणजे चांगलंच ओझं. ती पेटी भुसावळ जंक्शनला उतरली की एका बाजूने इटारसी-जबलपूर आणि दुसऱ्या बाजूने अकोला, बडनेरा, नागपूर गाठता यायचं. बडनेऱ्याहून अमरावतीला छोटा फाटा. कापसाच्या गाठी बाहेर नेण्यासाठी इंग्रजांनी टाकलेल्या या रुळांवरूनच दिलीपकुमार आणि अमिताभ वऱ्हाडात आले.

गावावर या धंद्याचा ठसा अजून आहे. अमरावतीत रिक्षावाल्याला चित्रा चौक, प्रभात चौक, सरोज चौक, श्याम चौक सांगितलं की पुरतं. टॉकीजची नावं चौकांना लागली आणि टिकली.

सौद्याची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण ‘हिट’ कुठला आणि ‘फ्लॉप’ कुठला हे तिच्यावरच ठरायचं. निर्माता एका क्षेत्राचे हक्क वितरकाला ठरलेल्या रकमेला द्यायचा. तिला एमजी, म्हणजे मिनिमम गॅरंटी म्हणत. पिक्चर पडला तर तोटा वितरकाचा. चालला, तर एमजी, प्रिंटचा आणि जाहिरातीचा खर्च व वितरकाचं कमिशन वजा जाऊन जो पैसा उरे तो ओव्हरफ्लो, आणि त्यात निर्मात्याचा वाटा. त्यामुळे एकच चित्रपट मुंबईत हिट आणि सीपी-बेरारमध्ये तोट्यात असू शकतो. ज्या वितरकाने महाग घेतला त्याच्या लेखी गर्दीचा पिक्चरसुद्धा फ्लॉप असतो. वर्तमानपत्रात छापून येणारा ढोबळ गल्ला त्याला काही सांगत नाही. त्यातून कर वजा करायचा, थिएटरचं भाडं किंवा टक्का वजा करायचा, आणि मग हातात येतो तो शेअर. वितरक जगतो या शेअरवर.

थिएटरमध्ये वितरकाचा माणूस बसायचा. त्याला रिप्रेझेंटेटिव्ह म्हणत. प्रत्येक खेळाला किती बाल्कनी, किती स्टॉल विकले गेले ते तो तिकिटांच्या नंबरांवरून तपासायचा आणि दिवसाचा डीसीआर, म्हणजे रोजच्या गल्ल्याचा तक्ता, कचेरीला पाठवायचा. अकोल्याच्या टिळक रोडवरच्या टॉकीजमध्ये सोमवारी मॅटिनीला किती माणूस होता हे त्यामुळे अमरावतीच्या टेबलावर दुसऱ्या दिवशी कळायचं. पिक्चर तालुक्याला पाठवायचा की नाही, मूर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूरला प्रिंट केव्हा द्यायची, हे त्या तक्त्यावर ठरायचं.

‘शोले’चं उदाहरण इथे सगळ्यात बोलकं आहे. काटेकोरपणे बघितलं तर तो दरोडेखोरांचा पट, पण दोन भाडोत्री गुन्हेगार आणि एक निवृत्त पोलीस अधिकारी यांची ती गोष्ट आहे, आणि गुन्हेपटाच्या गल्ल्याचा विषय त्याला ओलांडून जात नाही. १५ ऑगस्ट १९७५ ला तो मुंबईत लागला. पहिल्या दिवसांत जाणकारांनी तो पडला असंच ठरवलं होतं; शेवट बदलण्याचाही विचार झाला. मग लोक पुन्हा पुन्हा यायला लागले आणि मुंबईच्या मिनर्व्हा टॉकीजमध्ये तो पाच वर्षं राहिला. पण मध्य प्रांताच्या वितरणक्षेत्रात तो त्या ऑगस्टमध्ये आलाच नाही. दिल्ली, उत्तर प्रदेश, बंगाल, हैदराबाद यांच्याबरोबर तो इथे आला ११ ऑक्टोबर १९७५ ला, ऐन नवरात्रात, दसऱ्याच्या तोंडावर. मधल्या दोन महिन्यांत मुंबईची चर्चा इकडे पोचून मुरली होती. ज्या वितरकाच्या पदरात ऑगस्टमधला घाबरलेला ‘शोले’ पडला असता, त्याच्या हाती ऑक्टोबरमधला वाजतगाजत येणारा ‘शोले’ आला.

आणि ऑक्टोबर हा वऱ्हाडात पैशाचा महिना. दसऱ्यापासून कापसाची वेचणी सुरू होते, पहिली बोंडं घरात येतात, दिवाळीनंतर बाजार भरतो. वेचणीची मजुरी बायामाणसांच्या हाती रोख पडते. अकोला आणि अमरावतीच्या टॉकीज या पैशावर उभ्या राहिल्या, हे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. उलट जून-जुलै हा पेरणीचा काळ; बियाणं आणि खतातच घरचा पैसा जिरलेला असतो. एखादा चांगला गुन्हेपट जुलैत लागला तर वऱ्हाडात त्याची परीक्षा दुप्पट कठीण. ३ जुलै १९९८ ला लागलेल्या राम गोपाल वर्माच्या ‘सत्या’पुढे हीच अडचण होती. ओळखीचा मोठा नट नाही, पावसाळा, आणि मुंबईच्या चाळींतलं टोळीयुद्ध. त्याला हळूहळू, माणसामाणसांतून प्रेक्षक मिळाला. भिकू म्हात्रे हे नाव घेऊन मनोज बाजपेयी घराघरांत पोचला तो पुढच्या आठवड्यांत. जानेवारी २०२५ मध्ये ‘सत्या’ पुन्हा थिएटरात लावण्यात आला.

मराठी गुन्हेपटाची वाट मात्र वेगळी. प्रवीण तरडेंचा ‘मुळशी पॅटर्न’ २३ नोव्हेंबर २०१८ ला आला. जमिनी विकून बसलेल्या शेतकऱ्यांची पोरं पुण्याच्या गुन्हेगारीत कशी ओढली जातात, हे त्याने दाखवलं आणि पश्चिम महाराष्ट्रात तो जोरात चालला. पण मराठी चित्रपटाचा गल्ला मुख्यतः मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर या पट्ट्यात जमतो. वऱ्हाडातला थिएटरवाला आजही मराठीपेक्षा हिंदीवर भरवसा ठेवतो. जबलपूर-रायपूरशी जोडलेल्या सर्किटमध्ये हिंदीची सवय मुरलेली आहे. शिवाय शहराला खेटलेल्या जमिनीला कोटीचा भाव येतो हे दुःख पुण्याचं. इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याचं दुःख त्याहून जुनं आहे आणि त्यात जमीन विकत घ्यायला कुणी येत नाही. ‘मुळशी पॅटर्न’च्याच गोष्टीवर महेश मांजरेकरांनी सलमान खान आणि आयुष शर्माला घेऊन ‘अंतिम’ केला, तो नोव्हेंबर २०२१ मध्ये वऱ्हाडात हिंदीतून पोचला. तेव्हा महाराष्ट्रातली थिएटरं नुकतीच, २२ ऑक्टोबरपासून, निम्म्या खुर्च्यांवर उघडली होती. त्यामुळे त्या गल्ल्यावरून चित्रपटाचा निकाल लावणं अन्यायाचं ठरेल.

पेटीचा काळ आता संपला आहे. युएफओ आणि क्यूबसारख्या कंपन्यांनी चित्रपट उपग्रहावरून किंवा हार्डडिस्कवर पाठवायला सुरुवात केली, आणि २०१० नंतरच्या काही वर्षांत रिळांची प्रिंट हद्दपार झाली. आता मुंबई, अकोला आणि अचलपूर यांना पिक्चर एकाच शुक्रवारी मिळतो. प्रेक्षकाच्या दृष्टीने हा न्यायच झाला. पूर्वी तालुक्याच्या माणसाला जिल्ह्यात वापरून खरचटलेली प्रिंट सहा महिन्यांनी मिळायची. पण अमरावतीच्या टेबलाचं वजन उतरलं. प्रिंट कुणाला द्यायची हा अधिकारच उरला नाही. पूर्वी जो बाजार मुंबईचा निकाल ऐकून सावध व्हायचा, त्याला आता शुक्रवारी सकाळी मुंबईबरोबरच उडी घ्यावी लागते.

पैशाची विभागणीही बदलली. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात दोन महिने संप चालला, आणि जूनमध्ये तोडगा निघाला: निव्वळ गल्ल्यातून निर्माता-वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३० टक्के. म्हणजे चित्रपट जितका जास्त आठवडे टिकतो, तितका थिएटरवाल्याचा वाटा वाढत जातो. ‘दृश्यम २’सारखा गुन्हेपट थिएटरमालकाला का प्रिय, हे यातून कळतं. तीन दिवसांत सगळं खाऊन जाणाऱ्या चित्रपटातला मोठा घास वितरक नेतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तग धरणारा पिक्चर पॉपकॉर्नच्या काउंटरपासून सायकल स्टँडपर्यंत सगळ्यांना जगवतो.

‘दृश्यम’चा नायकही याच जगातला आहे. पहिल्या भागातला विजय साळगावकर गोव्यात केबलचा धंदा करतो आणि सिनेमे बघून शिकतो. आपण त्या दिवशी दुसऱ्या गावात होतो हे पटवायला तो बसचं आणि सिनेमाचं तिकीट वापरतो. दुसऱ्या भागात तो स्वतःच एका थिएटरचा मालक झालेला आहे. नव्वदच्या दशकात ज्या केबलने अमरावती-अकोल्याच्या टॉकीजची रात्रीच्या खेळाची गर्दी पळवली, त्या केबलवाल्याला टॉकीजमालक होताना तिथल्याच प्रेक्षकाने पाहिलं.

त्या टॉकीज मात्र प्रत्यक्षात कमी होत चालल्या आहेत. अमरावती आणि अकोल्यात अनेक एकपडदा चित्रपटगृहं बंद आहेत किंवा त्यांच्या जागी दुकानं आली आहेत. चित्रपटगृहाची जागा नव्याने बांधायची तर तिथे काही खुर्च्यांचं चित्रपटगृह ठेवलंच पाहिजे, ही राज्याची अट आहे. त्यामुळे काही मालक पाडतही नाहीत आणि चालवतही नाहीत. कराची गोष्टही त्यांच्या मुळावर आली होती. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ आणि त्यावरच्यावर २८ टक्के लागले. जानेवारी २०१९ पासून ते १२ आणि १८ झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतचं तिकीट ५ टक्क्यांच्या गटात आलं आहे. मल्टिप्लेक्सला याचा विशेष उपयोग नाही, कारण तिथलं तिकीट शंभराच्या वर असतं. फायदा होईल तो तालुक्याच्या, साठ-ऐंशी रुपयांच्या खुर्चीला. हाच तो प्रेक्षक, जो बाहेर पडणाऱ्याला “कसा हाये पिक्चर?” असं विचारून मगच खिडकीवर जातो.