खिशातील दप्तर

यंत्राने मनुष्याचे अक्षर शिकावे, की मनुष्याने यंत्राचे? १९९३ सालच्या अ‍ॅपलच्या ‘न्यूटन’ या टिपणयंत्राने पहिला मार्ग पत्करला आणि वाचनातील चुकांमुळे ते थट्टेचा विषय झाले. १९९६ साली आलेल्या ‘पायलट’ने दुसरा मार्ग धरला. ‘ग्रॅफिटी’ ही त्याची लिपी. तीत बहुतेक प्रत्येक रोमन अक्षर एकाच फटकाऱ्याने काढावयाचे. ‘ए’ची आडवी रेघ गाळावयाची. पडद्याखालील चौकटीत डावीकडे अक्षरे, उजवीकडे अंक. लेखणी फारशी न उचलता लिहावयाची आपली मोडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांस ही युक्ती परकी वाटू नये.

यंत्रास आपल्या सवयीही सांगता येत. दिनांक कोणत्या क्रमाने दाखवावा, आठवडा रविवारी सुरू व्हावा की सोमवारी, किती मिनिटांनी आपोआप बंद व्हावे, कोणत्या कळीने कोणती वही उघडावी, हे सारे आपणच ठरवावयाचे.

परंतु या साऱ्या नोंदी दोन लहान विद्युत्घटांच्या जोरावर टिकून असत. ते पुरते संपले की पत्ते, भेटी, टिपणे सारे पुसले जाई. म्हणून यंत्र बैठकीवर ठेवून एक कळ दाबावयाची. म्हणजे मेजावरील संगणकात त्याची नक्कल उतरे. आज त्याची जागा भ्रमणध्वनीने घेतली आहे. तरीही दप्तराचा जुना नियम कायम आहे: ज्या नोंदीची नक्कल नाही, ती नोंद आपली नव्हे.