शाळेसमोरचे चोवीस सेकंद

शाळा सुटण्याची वेळ. फाटकासमोर रिक्षा, व्हॅन आणि पालकांच्या दुचाकी एकमेकींना खेटून उभ्या आहेत. पलीकडे आजोबा दिसताच दुसरीतला एक मुलगा दोन रिक्षांच्या फटीतून थेट रस्त्यावर धावतो. येणारी मोटार करकचून ब्रेक दाबते. मुलगा थोडक्यात वाचतो आणि मग सगळे त्याच्यावरच ओरडतात, ‘बघून जाता येत नाही का?’

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाने रस्त्याकडे बघितले, तरी त्याला मोठ्या माणसाइतके कळत नाही. तो हट्टी किंवा वेंधळा असतो म्हणून नव्हे, तर त्याच्या मेंदूची ती क्षमता अजून तयार होत असते म्हणून.

वेग ‘दिसत’ नाही

समोरून गाडी येते, तेव्हा डोळ्यांतील तिची प्रतिमा मोठी होत जाते. ही प्रतिमा किती झपाट्याने वाढते, यावरून मेंदू गाडीच्या वेगाचा अंदाज बांधतो. गाडी वेगात असेल, तर ती लांब असतानाच हा अंदाज यावा लागतो आणि तेवढ्या अंतरावर प्रतिमेतील वाढ अगदी सूक्ष्म असते. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी प्राथमिक शाळेतील मुलांची ही क्षमता तपासली. ताशी २० मैलांहून, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरहून अधिक वेगाने येणारी गाडी काही परिस्थितींत मुलांच्या लक्षातच येत नाही, असे त्यांना आढळले. त्यामुळे जी गाडी सर्वांत धोकादायक, तीच मुलाला जागेवर उभी वाटू शकते.

यात उंचीची भर पडते. उभ्या गाड्यांच्या आडून मुलाला रस्ता दिसत नाही आणि चालकाला मूल दिसत नाही. धडक बसलीच, तर मोठ्या माणसाच्या पायांना लागणारा मोटारीचा पुढचा भाग मुलाच्या छातीवर किंवा डोक्यावर आदळतो.

तेरा मीटरचे गणित

आता चालकाच्या बाजूने पाहू. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटर वेगाने या सेकंदात गाडी सुमारे ८ मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर आणखी ५ मीटरवर थांबते. एकूण अंतर झाले १३ मीटर. ताशी ५० किलोमीटर वेगाने मात्र ब्रेक लागण्यापूर्वीच गाडीने जवळपास १४ मीटर कापलेले असतात आणि थांबेपर्यंत एकूण २७-२८ मीटर होतात.

म्हणजे १३ मीटरवर मूल आडवे आले, तर ३० च्या वेगातला चालक त्याच्यापाशी येऊन थांबतो. ५० च्या वेगातला चालक ब्रेक न लावताच, पूर्ण वेगाने धडकतो. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ही धडक ३० च्या धडकेपेक्षा सुमारे पावणेतीन पट ऊर्जेची असते. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा रस्ते ओले असतात आणि ही अंतरे आणखी वाढतात.

म्हणूनच पायी चालणारे आणि वाहने जिथे एकत्र येतात, तिथे ताशी ३० किलोमीटरची कमाल मर्यादा असावी, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात सांगितले गेले. ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण रस्ते अपघात आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांत ३२ हजार ८२५ पादचारी होते.

फलक पुरत नाही

केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेने महापालिका-नगरपालिका हद्दीत मोटारींसाठी ताशी ७० आणि दुचाकींसाठी ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा ठरवली. ही वरची सीमा झाली. मोटार वाहन कायद्यानुसार एखाद्या रस्त्यावर ती कमी करण्याचा अधिकार राज्य सरकारला आणि त्याने नेमलेल्या यंत्रणेला आहे. शाळेसमोर ती ३० पर्यंत आणायला कायद्याची आडकाठी नाही.

पण नुसता फलक लावून वेग उतरत नाही. लंडनमध्ये ताशी २० मैलांचे विभाग करताना गतिरोधक आणि रस्त्यांच्या रचनेतील बदलही केले गेले. १९८६ ते २००६ या काळातील नोंदींच्या अभ्यासात तिथले जखमी आणि मृत सुमारे ४२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. लहान मुलांना याचा सर्वाधिक लाभ झाला. हे श्रीमंत शहरांपुरतेच आहे असेही नाही. टांझानियातील दार-ए-सलाम शहरात शाळांजवळ पदपथ, गतिरोधक, झेब्रा पट्टे आणि खांब असे कमी खर्चाचे उपाय केल्यावर मुलांच्या दुखापतींचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाले.

आपल्या हातात काय?

फाटकासमोर वेगात येणाऱ्या वाहनांमध्ये पालकांचीही वाहने असतात, हे आधी मान्य करायला हवे. मुलाला शाळेच्याच बाजूला उतरवावे. पलीकडून हाक मारून बोलावू नये, आपण ओलांडून त्याच्याकडे जावे. फाटकाच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा मोकळी ठेवली, तर मूल आणि चालक एकमेकांना दिसतात. दुचाकीवर चार वर्षांवरील मुलाला हेल्मेट सक्तीचे आहे. त्याहून लहान मूल असेल, तर २०२२ च्या नियमानुसार हेल्मेटसोबत सुरक्षा पट्टाही हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. पालक-शिक्षक संघाने पट्टे, गतिरोधक आणि वेगमर्यादेची लेखी मागणी महापालिका किंवा नगरपालिकेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे करावी.

शाळेजवळचा अर्धा किलोमीटर रस्ता ताशी ५० किलोमीटरने ३६ सेकंदांत संपतो, ३० ने ६० सेकंदांत. फरक फक्त २४ सेकंदांचा. मुलांना रस्ता ओलांडायला जरूर शिकवावे, पण वेग ओळखण्याची जबाबदारी आठ वर्षांच्या डोळ्यांवर टाकू नये. ती ज्याच्या पायाखाली ब्रेक आहे त्याचीच आहे.